उतारा आधी

बाटली हलवणाऱ्याचा हात तरे धरायचे. मनगटापाशी, घट्ट. समोर कोण आहे ते बघत नसत. परदेशातून पीएचडी करून आलेल्या एका शास्त्रज्ञाचा हात त्यांनी त्याच्या नोकरीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "सोडा वॉटर हाय काय ह्ये?"

तो शास्त्रज्ञ तक्रार घेऊन माझ्याकडे आला. मी क्वालिटी विभाग सांभाळते. कारखान्यात बनलेली वस्तू बाहेर जाऊ द्यायची की नाही, यावर शेवटची सही माझी असते. त्यामुळे लोकांना वाटतं की कुठलंही भांडण माझ्याच टेबलावर आणावं. मी त्याला विचारलं, "बाटलीत फेस आला होता का?"

"थोडासा."

"मग मनगटावर भागलं असं समजा."

आमचा कारखाना भिवंडीजवळ मानकोलीला गोदामांच्या रांगेत आहे. एका बाजूला वॉशिंग मशीनचं गोदाम, दुसऱ्या बाजूला पार्सलांचं. बाहेरून पाहिलं तर आमचाही तोच निळा पत्रा. आत आम्ही विषाणू बनवतो. हे ऐकून बिल्डिंगमधले लोक लिफ्टमध्ये दोन पावलं मागे सरकतात, म्हणून मी "औषधं" एवढंच सांगते. रोग करणारा भाग काढून टाकलेलं ते नुसतं कवच असतं. ज्या मुलांना जन्मतःच एखादं जनुक सदोष मिळालेलं असतं, त्यांच्यासाठी ते जनुक चांगल्या रूपात या कवचात भरायचं. विषाणू शरीरातल्या पेशींत शिरतो आणि माल पोचवतो. थोडक्यात, हमाली.

पण आधी त्याला पेशींच्या घोळातून वेगळा करून स्वच्छ करावा लागतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथेच. तो प्लास्टिकच्या नळीला चिकटून बसतो. फेसात मोडतो. मीठ कमी पडलं की एकमेकांना धरून गोळे करतो. दोनदा गोठवून वितळवला की कामातून जातो. पेशींत वाढलेल्यातला बराच माल बाटलीपर्यंत पोचतच नाही. जो पोचायचा, तो शुद्धीकरण सांभाळणाऱ्या तरेंच्या हातातून.

मधुकर तरे भिवंडीला लागूनच्या शेलार गावचे. वडील सायझिंगमध्ये कामाला होते. भिवंडीबाहेरच्यांसाठी सांगते: सूत मागावर चढवण्याआधी ते कांजीतून काढून वाळवतात, त्या कारखान्याला सायझिंग म्हणतात. कांजी न लावलेलं सूत मागावर टिकत नाही. माग त्याला इतका मारतो की धागे पटापट तुटतात. कापड विणून झालं की कांजी धुऊन टाकायची. तरेंनी दहावीपासून बी.एस्सी. होईपर्यंत बापाबरोबर तिथे काम केलं. पुढे औषध कंपन्यांत पंचवीसेक वर्षं काढली, आणि शेवटी आमच्याकडे. विषाणू नळीला चिकटू नये म्हणून आम्ही द्रावणात एक साबणासारखा पदार्थ अगदी थोडा घालतो. त्याचं नाव लांबलचक आहे. तरे त्याला कांजीच म्हणायचे. हळूहळू सगळा विभाग कांजी म्हणू लागला. एकदा तपासणीला आलेल्या माणसासमोर एकीने "सर, कांजी घातली" असं म्हटलं, आणि मला अर्धा तास खुलासा करत बसावं लागलं.

मी चिडून बोलायला गेले, तर म्हणाले, "अगो बाय, सूत मागावर तुटतं असं लोकांना वाटतं. तसं न्हाय. कांजी कमी पडली तवाच ते तुटलेलं असतं. माग नुसता दाखवतो."

ते माझ्यावर खूश असले की मी "बाय" असे, ते माझ्यावर नाराज असले की "म्याडम". यावरून मला दिवस कळायचा.

त्यांच्या काही गोष्टींना शास्त्रात आधार नव्हता. शेजारच्या गोदामात कंटेनर मागे घेऊन लावताना जमीन हादरते, ती त्यांना खपत नसे. मी त्यांना सांगितलं होतं की एवढ्या हादऱ्याने विषाणूला काहीही होत नाही. ते म्हणाले, "तुम्हांला कुठं हादरवून बघितलंय?" आणि शुद्धीकरणाच्या दिवशी सकाळी बाहेर जाऊन ट्रकवाल्यांशी बोलून आले. नंतर मी एकदा पाठोपाठ गेले तेव्हा ऐकलं.

"भैया, दोपहर तक हॉर्न मत बजाना. और गाडी उधर लगाओ."

"क्यों चाचा? क्या है अंदर?"

"बच्चा सो रहा है."

"फॅक्टरी में बच्चा?"

"हां. बीमार है."

ड्रायव्हरने गाडी काढून पलीकडे लावली. पुढे ते ड्रायव्हर आपसांत एकमेकांना सांगू लागले. आमच्या दारासमोर हॉर्न वाजला की तरे काचेमागून नुसता पंजा वर करायचे आणि हॉर्न थांबायचा.

डोस किती बनवायचा ते मुलाच्या वजनावर ठरतं. आमच्याकडे मुलाचं नाव येत नाही. एक कोड येतो आणि किलोमध्ये वजन. मुलगा की मुलगी, गाव कुठलं, काही नाही. कागद आला की तरे स्टोअरमध्ये जायचे. स्टोअर अन्सारीभाईंचं. ते काट्यावर मिठाच्या पिशव्या ठेवतच विचारायचे, "तरेभाई, इस बार कितने किलो का?"

"सात किलो आठशे."

अन्सारीभाई मोजून गाठोडं बांधायचे. तरे ते उचलून कडेवर घ्यायचे, दोन पावलं चालायचे, "एवढं" म्हणायचे आणि खाली ठेवायचे. मग काम सुरू. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी याची नोंद करावी की काय अशा विचारात पडले होते. पण मीठ सांडत नव्हतं आणि कुठला नियमही मोडत नव्हता, म्हणून सोडून दिलं.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते.

शुद्धीकरणात एक पायरी अशी आहे की विषाणू एका नळकांड्यातल्या बारीक मण्यांना चिकटवून ठेवतात, बाकीची घाण धुऊन काढतात, आणि मग आम्ल सोडून विषाणू मोकळा करतात. दुसरा सोपा मार्ग आमच्याकडे नाही. पण तेच आम्ल विषाणूला खातं. मिनिट-दोन मिनिटं तो सोसतो, पुढे नाही. म्हणून ज्या बाटलीत तो पडणार तिच्यात आम्ल मारणारं द्रावण आधीच भरून ठेवायचं, म्हणजे थेंब पडला की वाचला. या द्रावणाला तरे "उतारा" म्हणत. नवीन माणसाला ते पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचे: "उतारा आधी. साप चावल्यावर वैद्याला हुडकायचा न्हाय."

आणि स्वतः बाटली लावण्याआधी तिचं झाकण काढून काचकांडीने एक थेंब लिटमससारख्या रंग बदलणाऱ्या कागदावर घ्यायचे. कागद निळा झाला की बाटली लावायची. ते कागदाचे कपटे त्यांच्या टेबलावर पडलेले असत.

ते कपटे तपासणीला आलेल्या एका माणसाला दिसले. त्याने विचारलं, ही चाचणी कुठल्या कार्यपद्धतीत लिहिलेली आहे? कुठल्याच नाही. निर्जंतुक बाटली उघडली जाते, ती कोणाच्या परवानगीने? कोणाच्याच नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी नवी पद्धत लिहिली: उतारा बफरच्या, म्हणजे द्रावणं बनवायच्या, खोलीत भरायचा, तिथेच लेबल लावायचं, भरणारा आणि बघणारा अशा दोन सह्या घ्यायच्या, आणि सीलबंद बाटली पुढे पाठवायची. शुद्धीकरणात ती उघडायची नाही.

तरे माझ्या केबिनमध्ये आले. बसले नाहीत.

"म्याडम, कागुद बंद?"

"बंद. दोन सह्या आहेत ना आता."

"सह्या बाटलीच्या भायेर असतात."

"तरे, पद्धत पद्धत आहे. तुमच्या एकट्याच्या हातावर कारखाना चालवता येत नाही. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

"ते खरं हाय," ते म्हणाले, आणि गेले. त्यांनी पुढे कागद वापरला नाही. सांगितलेलं ऐकणारा माणूस होता. आजही माझं मत तेच आहे की एका माणसाच्या सवयीवर औषध अवलंबून असू नये. मात्र ती सवय काढून टाकण्याऐवजी पद्धतीत लिहून घेता आली असती. ते मला तेव्हा सुचलं नाही.

त्या वेळचा कागद अकरा किलो चारशेचा होता. स्नायू झिजण्याचा आजार. सोबत डॉक्टरांची ओळ होती की शक्य तितक्या लवकर, कारण श्वासाचे स्नायू गेले आणि मूल यंत्रावर आलं की मग हे औषध देता येत नाही. अन्सारीभाईंनी गाठोडं बांधलं. तरेंनी कडेवर घेतलं.

सकाळी अकराच्या सुमाराला आम्ल सोडलं. विषाणू बाटलीत उतरला. सगळं पडद्यावर ठीक दिसत होतं. पुढची पायरी लावायला अर्धा तास लागतो, तोवर बाटली बाजूला उभी असते. ती उचलताना तरेंनी सवयीने ट्यूबलाइटसमोर धरली. त्यांचे वडील सूत असंच उजेडाला धरून बघायचे. बाटलीत धागे दिसले. अगदी बारीक, पाण्यात साखर विरघळताना दिसतात तसे.

त्यांनी खण उघडून जुना कागद काढला. थेंब घेतला. कागद तांबडा झाला.

मला बोलावलं तेव्हा मी काचेतून पाहिलं. ते दुसरी बाटली उघडून, कागदावर तपासून, खरा उतारा घालत होते. थेंबाथेंबाने, भांडं न हलवता. तेवढ्या घाईतही त्यांनी फेस येऊ दिला नाही.

झालं होतं ते असं. धुण्यासाठी वापरायचं साधं मिठाचं द्रावण आणि उतारा, दोन्ही रंगहीन, दोन्ही एकसारख्या बाटल्यांत. बफरच्या खोलीतल्या सुजाताने दोन्ही बाटल्या बरोबर भरल्या आणि लेबलं लावताना अदलाबदल केली. दोन्ही लेबलं एकाच कागदावर शेजारी शेजारी छापून आली होती. छापून पाठवली होती माझ्या विभागाने, वेळ वाचावा म्हणून. बघणाऱ्याने लेबल पाहून सही केली. सह्या दोन्ही होत्या.

संध्याकाळपर्यंत मोजणी आली. विषाणूंची संख्या पुरेशी होती. पण ही मोजणी कवचं मोजते. ती काम करतात की नाही ते पेशींत घालून बघावं लागतं, आणि त्याला तीन आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकांनी आम्हांला बोलावलं. तरे, मी आणि ते. संचालक वाईट माणूस नाहीत. मुलाच्या डॉक्टरांशी फोनवर तेच बोलत होते.

"मोजणी पास आहे," ते म्हणाले. "गोळे झालेत ते गाळून काढू. डॉक्टर विशेष परवानगी मागायला तयार आहेत. काही नसण्यापेक्षा काहीतरी बरं."

तरे म्हणाले, "सायेब, ह्ये एकदाच देता येतं."

हे आम्हां तिघांनाही ठाऊक होतं. एकदा हा विषाणू अंगात गेला की शरीर त्याला ओळखायला शिकतं, आणि पुढच्या वेळी तो पेशींपर्यंत पोचायच्या आतच त्याला संपवतं. मोडका डोस दिला की चांगल्या डोसाची वाट कायमची बंद.

"आणि दुसरी बॅच करायला चार महिने लागले, आणि तोवर मूल यंत्रावर गेलं तर?" संचालकांनी विचारलं.

तरेंनी नोंदवही उघडून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "ते बी खरं हाय. पण लिवलंय मी."

बॅचच्या नोंदवहीत त्यांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं: चौतीस मिनिटं आम्लात. धागे दिसले. खाली स्वतःची सही. सुजाताचं नाव कुठेच नाही. त्यांनी ते लिहिलं नसतं तर पडद्यावरच्या आलेखातून कोणाला काही कळलं नसतं. बाटलीतलं आम्ल पडद्यावर दिसत नाही.

संचालक माझ्याकडे बघत राहिले. सही माझी होती. मी बॅच नाकारली. चौकशीच्या अहवालात लेबलांचा कागद माझ्या विभागातून आल्याचं लिहिलं, आणि नव्या पद्धतीत रंगाच्या कागदाची चाचणी घातली. पायरी क्रमांक चौदा. पद्धतीत कोणाचं नाव लिहीत नाहीत.

तीन आठवड्यांनी पेशींच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्याच्या आसपास विषाणू काम करत होता. पूर्ण मेला असता तर आम्ही सगळे सुटलो असतो. निम्मं त्या मुलाला पुरलं असतं की नाही, हे सांगू शकणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मी तो कागद तरेंना दिला. त्यांनी वाचला, घडी केली, परत दिला.

"मंजे निम्मं जिवंत होतं," ते म्हणाले. एवढंच.

दुसरी बॅच लगेच सुरू झाली होती. त्या महिन्यांत तरेंनी कोणाचं मनगट धरलं नाही. खरं तर कोणी बाटली हलवतच नव्हतं. अन्सारीभाईंचं ते गाठोडं त्यांनी सोडू दिलं नाही, स्टोअरच्या फळीवर तसंच ठेवलं. डोस नव्याने मोजण्यासाठी दर महिन्याला मुलाचं वजन कळवलं जायचं, आणि तरे माझ्याकडे ते विचारायला यायचे.

"किती?"

"अकरा दोनशे."

ते स्टोअरमध्ये जाऊन गाठोड्यातून दोनशे ग्रॅम मीठ काढून ठेवायचे. पुढच्या महिन्यात अकरा झालं. त्याच्या पुढच्या महिन्यात दहा सातशे. अन्सारीभाई मला म्हणाले, "मॅडम, बच्चे का वजन तो बढ़ना चाहिए ना?" मी म्हटलं, हो.

दुसरी बॅच आमच्याकडे आजवर झालेली सगळ्यात चांगली बॅच होती. आम्ल सोडायच्या दिवशी मी काचेबाहेर उभी होते. तरेंनी कागदावर थेंब घेऊन तो माझ्या दिशेने उंच धरला. निळा. बाहेर एकही गाडी नव्हती. बाटली उजेडाला धरली तेव्हा आत काही दिसत नव्हतं, नुसतं पाणी. या वेळी पेशींच्या चाचणीतही ती पूर्ण उतरली. कुप्या भरून उणे ऐंशीवर ठेवल्या.

कुप्या पाठवण्यासाठी कोरडा बर्फ मागवायच्या आदल्या दिवशी मेल आला. कोड रद्द. डोसाची आवश्यकता नाही. कारण लिहिलेलं नव्हतं, लिहीत नाहीत. यंत्र की त्यापुढचं, ते आम्हांला कळवण्याची पद्धत नाही.

मी स्वतः सांगायला गेले. तरे नळ्या धूत होते. ऐकून त्यांनी नळ बंद केला.

"वजन किती होतं शेवटचं?"

"लिहिलेलं नाही."

"असंल कुटंतरी लिवलेलं," ते म्हणाले आणि नळ परत सुरू केला.

त्या दुपारी त्यांनी गाठोडं सोडलं आणि मीठ अन्सारीभाईंच्या पिंपात परत ओतलं. महिन्याभरात राजीनामा दिला. निरोपाचा केक वगैरे त्यांनी होऊ दिला नाही. संचालकांनी थांबवायचा प्रयत्न केला, मीही केला. मी सांगितलं की बॅच नाकारायचा निर्णय माझा होता, लेबलं माझी होती, कागद मी बंद केला होता. ते म्हणाले, "ते समदं खरं हाय, बाय." मी वाट पाहिली, पण पुढे "पण" आला नाही. त्या डोसातल्या कुप्या काही महिन्यांनी दुसऱ्या कोडला गेल्या. तिथे त्यांचं काम झालं, असं कळलं. मी तरेंना फोन करून सांगितलं. "बरं झालं," म्हणाले आणि घरच्यांची चौकशी केली.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. मी जवळच काल्हेरला राहते. सकाळी स्कूटीवरून कामाला निघाले होते आणि गोदामांच्या रस्त्यावर अडकले होते. पुढे एक कंटेनर आडवा लागला होता. बाजूच्या गोदामात माल उतरत होता. तरे तिथे सुपरवायझर म्हणून लागलेत हे मी ऐकलं होतं. हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र, केस आणखी पांढरे. त्यांना माल उचलायची गरज नव्हती. हमाल खोकी खांद्यावर टाकून पळत होते, आतल्या बाजूला आपटत होते.

एक खोकं त्यांनी स्वतः उचललं. फार मोठं नव्हतं, दहा-अकरा किलोचं असेल. पॅड काखेत धरलं आणि खोकं कडेवर घेतलं, एक हात खालून, एक हात मागून. हमालांच्या गर्दीतून ते वाट काढत हळू चालत निघाले.

माझ्या मागच्या ट्रकने जोरात हॉर्न वाजवला. तरेंनी वळून पाहिलं नाही. मागचा हात काढून पंजा तेवढा वर केला, हॉर्न थांबेपर्यंत तसाच धरला, आणि मग हात परत खोक्याच्या पाठीवर ठेवून आत गेले.